पोलादाला पाणी देणं चाळीस तासांत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की बीड, धाराशिव, परभणीकडच्या गावांत ऊसतोडीचे कोयते लोहाराकडे येऊन पडतात. तोडीची मजुरी टनावर असते. कोयत्याची धार दुपारीच गेली, तर त्या मजुराचा दिवस गेला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, त्याचं स्वागतच आहे. पण पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं आहे. पोलादाला पाणी देणं, म्हणजे ते तापवून, बुडवून धार हवी तेवढी कडक करणं, तेवढ्यात हाती बसत नाही.

आधी माल ओळखावा लागतो. बाजारातल्या नव्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंड) पट्टीत कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो. ती कितीही लाल करून बुडवा, कडक होत नाही. कोयत्या-कुऱ्हाडीला ट्रकचा जुना कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, लागतो, त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो. भंगारात दोन्ही एकाच ढिगात पडलेले असतात. ग्राइंडरला टेकवलं की मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पाट्याच्या ठिणग्या मात्र टोकाशी फुटून फुलतात. पाटा मधल्या बोल्टाच्या छिद्रापाशी थकलेला असतो. तिथे केसाएवढी चीर असली तर पाणी देताना पात तिथूनच उकलते, म्हणून तेवढा तुकडा टाकूनच द्यावा.

मग ताव, म्हणजे पोलाद किती तापलं ते. तो रंगावरून, सावलीतच पाहायचा. मे महिन्याच्या उन्हात लाल पोलादही काळपट दिसतं, नवखा लोहार भात्याचा वारा वाढवत राहतो, पोलाद पिवळं पडतं, आतला कण जाड होतो आणि पात पहिल्याच दगडावर तुटते. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या तर ते जळालं, त्याला इलाज नाही. चुंबक चिकटायचं थांबलं की तिथून किंचित पुढे, डाळिंबी लाल, हा पाण्याचा ताव. धार पातळ असल्याने ती पाठीच्या आधी तापते, म्हणून पाठ निखाऱ्यात आणि धार वर ठेवायची. घडवताना लाली गेली की हातोडा थांबवायचा. त्यानंतरचा प्रत्येक ठोका चीर पाडू शकतो.

आता पाणी. पात फक्त धारेकडून दोन बोटं रुंदीएवढी, सरळ उभी बुडवायची. आडवी घातली तर पात वाकते. हिवाळ्यातलं गार पाणी पाट्याला फार कडक पडतं, तेव्हा ते कोमट करावं किंवा तेल वापरावं. बाहेर काढून धार लगेच दगडावर घासून उजळ करायची. पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे सरकते आणि उजळ जागेवर रंग चढत जातात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. कोयता आणि खुरपं तपकिरीवर, कुऱ्हाड जांभळ्यावर पुन्हा पूर्ण बुडवायची. पिवळ्यावर थांबलात तर धारेचे कपचे उडतात, निळ्यावर गेलात तर धार दुमडते. खुरप्यात हे रंग दोन-तीन सेकंदांत पळतात, कुऱ्हाडीत सावकाश सरकतात. शेवटी कानस फिरवून पाहायची. धारेवरून नुसतीच घसरली तर पात अजून ठिसूळ आहे, लोण्यासारखी चावली तर मऊ राहिली.

रंगांचा तक्ता भिंतीवर लावता येतो, लावावाही. पण भंगारातला प्रत्येक पाटा वेगळा वागतो आणि ते डोळ्याला शेकडो पाती हाताखालून गेल्यावरच कळतं. शिकाऊ पोराला आधी भाता देतात, मग घण, मग सांडशी आणि सगळ्यात शेवटी पाणी. त्यामागे कारण आहे. दगडी कोळशाचा धूर जाऊन निखारा स्वच्छ झाल्याशिवाय त्यात पोलाद घालू नये, खंगर (कोळशाची वितळून घट्ट झालेली राख) साचला की वारा अडतो, हे भात्यावर बसल्यानेच समजतं.

घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांच्या, कुटुंबांत घण बहुतेक वेळा बाई मारते. उस्ताद हातोडी टेकवतो तिथेच तिचा घण बरोबर पडतो. योजनेत मात्र एका कुटुंबातून एकालाच नोंदणी आहे आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. वर्षातले अनेक महिने पालावर काढणाऱ्यांनी कोणत्या ग्रामपंचायतीत उभं राहायचं? या घरांत नवरा-बायको दोघांनाही कारागीर मानावं आणि पडताळणी जिथे पाल असेल तिथे व्हावी.

दुसरी मागणी अशी की तालुक्यातल्या जुन्या लोहारांना मानधन देऊन त्यांच्याच भट्टीवर शिकाऊ ठेवावेत, आणि तेही पेरणीआधीच्या पाशींपासून (कुळवाच्या पात्यांपासून) दसऱ्याच्या कोयत्यांपर्यंत एक पूर्ण हंगाम. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आज मिळतंच, ते या काळातही चालू ठेवावं. परीक्षा कागदावर नको. भंगारातला अनोळखी पाटा द्यावा, त्याचा कोयता करून घ्यावा आणि तो दिवसभर फडात चालवून संध्याकाळी त्याची धार पाहावी.

आपला,
लोहारकामाशी संबंधित एक वाचक
केज, जि. बीड