गोड शेवटाचे गुण कापू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नुकतेच एका प्रणयकादंबरीचे परीक्षण वाचले. परीक्षकांनी तिला पाचपैकी दोन तारे दिले आणि कारण एवढेच सांगितले, की दोघे शेवटी एकत्र येणार हे पहिल्या प्रकरणातच कळते. ती कादंबरी मी वाचली आहे आणि मलाही ती बेताचीच वाटली. पण ज्या कारणासाठी तिचे गुण कापले, ते काही केल्या पटेना, म्हणून लिहायला बसले.

दोघे एकत्र येणार, हा या कादंबऱ्यांनी वाचकाला आधीच दिलेला शब्द असतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने प्रणयकादंबरीची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: प्रेमकथा कादंबरीच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट मनाचे समाधान करणारा, आशा देणारा हवा. रहस्यकथेत शेवटी खुनी सापडतो म्हणून कोणी तारे कापत नाही. तिथे तपास कसा झाला ते पाहतात. इथेही तेच पाहायला हवे. ती दोघे एकमेकांपर्यंत पोचली कशी? तो गोड शेवट त्यांनी कमावला, की लेखकाने पाने संपत आली म्हणून हातात ठेवला?

नियमित वाचक हे फार बारकाईने पाहतात आणि हे काही मी आज शोधलेले नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने एका पुस्तकविक्रेतीकडे प्रणयकादंबऱ्या घ्यायला येणाऱ्या बायकांशी बोलून, त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेऊन १९८४ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या बायकांना काय हवे होते? सुखाचा शेवट तर हवाच होता, पण त्याच्या जोडीला नायक-नायिकेचे प्रेम हळूहळू, सातत्याने फुलत गेलेले हवे होते. नायिका बुद्धिमान हवी होती. बलात्कार आणि नायिकेचा छळ त्यांना कादंबरीत मुळीच नको होता. ती विक्रेती दर महिन्याच्या नव्या कादंबऱ्यांची प्रतवारी करून सांगायची आणि गिऱ्हाइके तिच्या शब्दावर पुस्तके निवडायची. 'मिळेल ते वाचतात' असे ज्यांच्याबद्दल सर्रास म्हटले जाते, त्या वाचकांच्या कसोट्या इतक्या पक्क्या होत्या.

माझीही एक वही आहे. वाचून झालेल्या प्रत्येक प्रणयकादंबरीला मी तिच्यात दहापैकी गुण देते आणि खाली दोन ओळी लिहिते. पाच मिनिटे समोरासमोर बसून बोलले असते तर मिटला असता अशा गैरसमजावर जी कादंबरी दोनशे पाने रेटते, तिला माझ्याकडे पाचाच्या वर गुण मिळत नाहीत. नायिकेची हुशारी नुसती सांगितली असेल आणि एकाही प्रसंगात ती दिसत नसेल, तर तेही गुण जातात. बाकी भाषा, संवाद, घरातली इतर माणसे हे सगळे आलेच.

पण माझी सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे माफीचा प्रसंग. जवळजवळ प्रत्येक प्रणयकादंबरीत शेवटाच्या जरा आधी ताटातूट होते. कोणीतरी कोणालातरी दुखावलेले असते. मग परत येणारा काय घेऊन येतो, ते मी पाहते. फुले, धावपळ, चारचौघांत दिलेली प्रेमाची कबुली हे मला पुरत नाही. आपण नेमके काय चुकलो ते त्याला नाव घेऊन सांगता येते का? समोरचीने 'मला वेळ हवा' म्हटले, तर तो वेळ देतो का? एका कादंबरीत नायक माफी मागतो आणि उत्तराची वाट न पाहता निघून जातो, कारण तिच्यावर लगेच उत्तर देण्याचे ओझे त्याला टाकायचे नसते. पुढची वीस पाने ती एकटीच विचार करते. त्या वीस पानांसाठी मी त्या कादंबरीला नऊ गुण दिले. त्यांचे लग्न होणार हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होते, आणि तरीही त्या पानांवर जीव टांगणीला लागला होता.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. याच वहीच्या सुरुवातीच्या पानांवर मी एका कादंबरीला दहापैकी दहा दिले आहेत. गेल्या वर्षी ती पुन्हा वाचली. त्यात नायक तिचे मनगट पिरगाळतो, 'तू माझीच आहेस' म्हणून दरडावतो आणि ती त्यालाच प्रेम समजते. विशीत मलाही ते प्रेम वाटले होते. आता वाचताना हात थरथरला. जुने दहा गुण मी खोडले नाहीत. शेजारी नवी तारीख घातली आणि तीन लिहिले. पुस्तकाचा एक शब्दही बदलला नव्हता. म्हणून वाटते, गुण देणाऱ्याने आपण कुठे उभे राहून गुण देतो आहोत, तेही सांगावे.

नुसत्या ताऱ्यांतून हे काहीच कळत नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ 'ठीक होते' आणि तीन ताऱ्यांचा 'आवडले' असा दिला आहे. पण किती जण तो अर्थ मनात धरून तारे देतात? एकाचे तीन तारे म्हणजे कौतुक, दुसऱ्याचे तीन म्हणजे नापसंती, आणि या सगळ्यांची सरासरी काढून आपण पुस्तक निवडतो. शिवाय शेवटचे पान मिटल्या मिटल्या, डोळे ओले असताना दिलेले तारे आठवड्याने तसेच राहतील याची खात्री नसते. मी आता चार दिवस थांबून गुण देते.

तेव्हा संपादक महाशय, एक विनंती आहे. पुरवणीत प्रणयकादंबरीचे परीक्षण छापाल तेव्हा ताऱ्यांच्या खाली दोन ओळींची जागा ठेवा. हे प्रेम कशामुळे खरे वाटले किंवा का वाटले नाही, एवढेच त्यात परीक्षकांनी लिहावे. आणि शक्य असेल तर ही पुस्तके अशा कोणाकडे सोपवा, जे ती स्वतःच्या आनंदासाठीही वाचतात. त्यांनी दोन तारे दिले, तरी माझी तक्रार नसेल.

कळावे,
आपल्या पुरवणीची एक जुनी वाचक