ड्यूटीच्या आधी

आर्वी, १२ एप्रिल २०२४

चि. दिनू यास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास ते बरंच केलंस. मेडिकल सर्टिफिकेट लावून गडचिरोलीची निवडणूक ड्यूटी कापून घे, हे मी म्हणायला नको होतं. मी स्वतः एकदाही कापली नाही. तुझी आई अजून धड बोलत नाही माझ्याशी.

बेस कॅम्पपर्यंत हेलिकॉप्टर म्हणालास. पुढे केंद्रापर्यंत किती चालायचं? असो, विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष होतोयस. मॉक पोलची, म्हणजे चाचणीची, ५० मतं उमेदवारांच्या एजंटांसमोर टाक, रिझल्ट दाखव आणि ती पुसायला क्लिअर बटण दाबल्याशिवाय खरं मतदान सुरू करू नको. भलेभले इथेच फसतात. तिकडे ३ वाजता संपतं. तेव्हा रांग उरली तर चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे ये. फॉर्म १७ सीची, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात पडू दे. मशीनवरून लोक काय काय बोलतात. आकडा त्यांच्या खिशात असला की तुझ्या केंद्राबद्दल तरी बोलणार नाहीत. झालं, सुरू झालो मी. ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल. माफ कर.

१९९५च्या विधानसभेला एक म्हातारा आला होता, चपला हातात घेऊन. यादीत त्याच्या नावापुढे आधीच खूण. बोट बघितलं तर शाईचा ठिपका नाही. नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका द्यायची असते, मला पाठ होतं. पण जेवायची वेळ, बाहेर गर्दी, त्यात पुन्हा तो फॉर्म भरा. "बाबा, तुमचं झालंय," म्हणालो. त्यानं एकदा बोटाकडे पाहिलं आणि गेला. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. तुला पाकिटात तशा २० मतपत्रिका मिळतील. एखादी लागली तर कंटाळू नकोस.

आणि दिनू, परतताना दमलास म्हणून वाटेत दिसेल त्या गाडीत बसू नकोस. पोलीस सांगतील तसंच चाल. २०१९ला मतदान होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि गडचिरोलीतच जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या सुरुंगात १५ पोलीस गेले, गाडीतच. हे नाव काढणार नव्हतो.

ते जुने बूट घाल, नवे चावतील. आजोबांचा गमछा आईनं पिशवीत घातलाय. केंद्राध्यक्ष म्हणून तुझं नाव आलेला आदेश मी दोघातिघांना दाखवला, रागावू नकोस.

रेंज आली की सामान जमा करण्याआधी आईला फोन कर. फोन मीच उचलेन.

तुझा,
बाबा