तू डाळिंब्या सोलत बसलास, त्याबद्दल

प्रिय मुला,

तुझं नाव लिहीत नाही, कारण तुला ते आवडणार नाही. माझा लॅपटॉप नीट करून ‘काकू, एवढं काय त्यात’ म्हणून चप्पल घालून निघालास, तेव्हाच ते कळलं होतं. पण आठवडा झाला तरी माझं मन भरून येतंय, म्हणून हे पत्र.

२०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि माझा टेबलावरचा कॉम्प्युटर गेला. त्यानंतर हा जुना लॅपटॉप घेतला. भाच्याने त्यावर विंडोजऐवजी झुबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक हलका प्रकार, टाकून दिलं, म्हणाला, ‘मावशी, जुन्या मशीनला हेच झेपेल.’ झेपलंही. अर्ज, अहवाल, मंडळांच्या स्मरणिका असं माझं मराठी टायपिंगचं सगळं काम त्यावर चालतं. अडचण एकच होती, वीज. पावसाळ्यात चिपळूणला ती कधी जाईल आणि कधी येईल, हे सांगता येत नाही. बॅटरीवर काम चालू असायचं आणि मध्येच पडदा काळा व्हायचा. ना सूचना, ना आवाज. दरवेळी मागची आठ-दहा मिनिटं पाण्यात. एकदा तर स्मरणिकेची फाईल उघडेचना. त्या रात्री मी रडले, आता सांगायला हरकत नाही.

तुझ्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याबद्दल लिहू नये म्हणतात. थोडं लिहिते. पहिल्या दुकानात त्या माणसाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. ‘लिनक्स आहे ना? मग असंच होणार’ म्हणाला, जसं काही मी घरात साप पाळलाय. दुसऱ्याने नवी बॅटरी टाकली, पैसे मोजून घेतले, आणि पुन्हा तेच झालं तेव्हा म्हणाला, ‘तुम्ही नीट वापरत नसाल.’ पुण्याचा भाचा फोनवर ‘गूगल कर ना मावशी’ म्हणाला. तो आपलाच आहे, त्याला माफ.

मग पॉलिटेक्निकच्या लॅबमधून तू आलास. मला वाटलं, आता हाही काळ्या खिडकीत पटापटा काहीतरी टाइप करील आणि जाईल. तू आधी विचारलंस, ‘काकू, बंद पडतो तेव्हा किती टक्के दाखवतो?’ मला कुठे ठाऊक! ते बॅटरीचं चित्र एवढंसं, चष्मा लावूनही दिसत नाही. तू चार्जरची वायर काढलीस आणि म्हणालास, ‘चला, बघू या.’

आणि बसून राहिलास.

जवळजवळ दोन तास. मी वाल सोलायला घेतले होते. तू न विचारता परात पुढे ओढलीस आणि डाळिंब्या सोलायला लागलास, एक डोळा पडद्यावर. तिथे बॅटरीच्या आलेखाची रेघ हळूहळू उतरत होती आणि तू मला ती समजावून सांगत होतास. बॅटरी कारखान्यात बनली तेव्हा तिच्यात ५७ वॉट-तास मावतील असं नोंदलंय, आता भरते जेमतेम ३८. ‘नवी’ म्हणून विकलेली बॅटरी! दुकानदाराला शिव्या घालायची ती वेळ होती, पण तू फक्त एक साल बाजूला टाकलंस आणि म्हणालास, ‘चालेल, आहे त्यात भागवू.’ १४ टक्क्यांना पडदा काळा झाला. तू विजेच्या बिलामागे ‘१४’ लिहिलंस आणि हसलास.

मग कळलं ते इतकं साधं होतं की माझाच मला राग आला. वीज संपत आली की काय करायचं, हे ठरवायची एक खिडकीच त्यात आहे. माझ्या मशीनवर ते करायचा आकडा १० टक्क्यांवर होता. बॅटरी १४लाच मान टाकते, मग १०ची सूचना येणार कधी? तू २० केलंस आणि त्या आकड्याला लॅपटॉप झोपवायला सांगितलंस. वर बजावलंस की झोपलेला लॅपटॉपही थोडी वीज खातो, म्हणून तासन्‌तास विसंबून राहू नका, फाईल आधी जतन करा. बॅटरीवर असताना पडद्याचा उजेड कमी केलास. त्या एवढ्याशा चित्राशेजारी टक्क्यांचा आकडाही आणून ठेवलास. आता मान वर केली की दिसतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. चार्जिंग ८०ला थांबवायची सोय तू टीएलपी नावाच्या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या चित्रांच्या खिडकीतून दाखवलीस. सतत वायर लावलेली असली तर बॅटरी त्याने जास्त टिकते म्हणालास. पण लगेच ती बंद ठेवलीस. ‘पावसाळ्यात तुम्हाला शंभरच्या शंभर लागतील. दिवाळीनंतर ८० करा.’ पुस्तकातलं उत्तर तुला येत होतं, पण तू चिपळूणचं दिलंस.

जाताना तुला विचारलं, हे सगळं बनवलं कुणी, पैसे कुणाला द्यायचे? तू म्हणालास, द्यायलाच हवेत असं नाही, जगभरची माणसं फावल्या वेळात लिहितात. पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू दाखवणारं हे एक्सएफसीई १९९६मध्ये ओलिव्हिए फुर्दाँ नावाच्या माणसाने सुरू केलं आणि त्याचं चिन्ह उंदीर आहे. ऐन श्रावणात हे ऐकून मला हसू आलं. गणपती यायच्या आधी त्याचं वाहनच घरी येऊन बसलेलं! कुठला तो माणूस, त्याला काय माहीत चिपळूणला वीज जाते, आणि एका बाईचं टायपिंग त्याच्या उंदरावर चालतं. आणि कुठला तू, महिनाअखेरीला, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. अशी माणसं असतात हे आपण विसरून जातो, कारण ती दुकान थाटून बसत नाहीत.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. मी स्मरणिकेच्या शेवटच्या लेखावर होते. आकडा उतरताना बघत होते, २२ला फाईल जतन केली, २०ला लॅपटॉप आपणहून झोपला. मी मेणबत्ती लावून पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसले. वीज आल्यावर बटण दाबलं, तर अर्धवट राहिलेल्या वाक्यात, ‘अध्यक्ष’ या शब्दापुढे, कर्सर तसाच लुकलुकत होता.

वाल भिजत घातलेत. रविवारी जेवायलाच ये. सोलायचं काम या वेळी माझं.

तुझी,
काकू