शेवट सांगा, अडथळा कसा सुटतो ते सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुस्तकांच्या पानावर चरित्रे, अनुवाद, कवितासंग्रह यांना जागा मिळते, रहस्यकथांनाही अधूनमधून मिळते. हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांचा उल्लेख झालाच तर टोमण्यापुरता होतो: सगळ्या एकाच साच्यातल्या, शेवट पहिल्या पानावर कळतो, वेळ घालवायला बऱ्या. यातले तिसरे विधान तर आम्हा वाचकांना मान्यच आहे. तक्रार टोमण्याची नाही. या पुस्तकांचे नीट परीक्षणच कुणी करत नाही, ही आहे. त्यामुळे दमूनभागून घटकाभर विरंगुळ्यासाठी पुस्तक शोधणाऱ्याला हाती काय पडणार ते मुखपृष्ठावरून ओळखावे लागते, आणि मुखपृष्ठे हल्ली साफ चकवतात.

आधी त्या शेवटाबद्दल. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा. लग्न लागलेच पाहिजे असे नाही. दोघे एकत्र आले आहेत आणि एकत्र राहतील, एवढे पटले तरी पुरते. शेवटच्या प्रकरणात दोघांपैकी एकजण मरत असेल तर ती प्रेमाची कथा खरी, कदाचित थोरही, पण या कप्प्यातली नव्हे. तिला कुणी 'हलकीफुलकी' म्हणून हाती दिली तर वाचकाचा रागराग होणे रास्त आहे.

शेवट ठरलेला असला म्हणून उत्सुकता संपत नाही, तिची जागा बदलते. काय होणार हा प्रश्नच उरत नाही. इतकी अडून बसलेली ही दोन माणसे एकत्र येणार कशी, हा मात्र राहतो. दिवसभर काय होईल, कुणाचा फोन येईल या धास्तीत काढलेल्या डोक्याला इथे धास्ती नको असते. नको ते घडणार नाही याची खात्री असली की वाचक निवांतपणे संवादातले चिमटे टिपतो, कोण कुणासाठी जागा धरून ठेवते ते पाहतो, बोलता बोलता गिळलेले वाक्य ओळखतो. रहस्यकथेतला गुन्हेगार सापडणारच हेही ठाऊक असतेच की. तिथे कुणी नाक मुरडत नाही.

साच्याचा आरोप मुख्यतः मासिक मालिकांमुळे आला. 'मिल्स अँड बून' ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके काढत असे. प्रेमकादंबऱ्यांवर तिचा भर आला तो १९३०च्या दशकात, आणि गिऱ्हाईक होते वर्गणी घेऊन पुस्तके फिरवणारी वाचनालये. कॅनडात १९४९ साली सुरू झालेल्या 'हार्लेक्विन'ने १९५७पासून तिची पुस्तके छापायला घेतली आणि १९७१ साली ती संस्थाच विकत घेतली. दरमहा ठरावीक संख्येने, ठरावीक लांबीची, मालिकेगणिक ठरावीक रंगाढंगाची पुस्तके हे त्यांचे तंत्र. त्यात भरताड पुष्कळ निघाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बंधन हे काही भरताडीचे कारण नव्हे. गझलेत रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द, आधीच ठरलेला असतो, तरी शेर फसला तर दोष आपण शायराला देतो, रदीफाला नाही.

आता मापे, कारण वाचकाला ती उपयोगी पडतात. अशा मालिकांतली छोटी कादंबरी साधारण ५०,००० शब्दांची, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर पानांची असते. ऐतिहासिक पार्श्वभूमीची किंवा स्वतंत्रपणे छापलेली ७५,००० ते १,००,००० शब्दांपर्यंत जाते. मिनिटाला २०० ते २५० शब्द वाचणाऱ्याला छोटे पुस्तक साडेतीन-चार तासांत होते. रोज रात्री पाऊण तास दिला तर पाच-सहा रात्रींत. ऐकायचे म्हटले तर तेच पुस्तक साडेपाच तासांच्या आसपास जाते. प्रकरणे लहान, मुख्य पात्रे दोन आणि काळ बहुधा सरळ पुढे जाणारा, त्यामुळे मधे दोन दिवस खंड पडला तरी मागची पाने चाळावी लागत नाहीत. तुकड्यातुकड्याने वेळ मिळणाऱ्या माणसासाठी ही सोय मोठी आहे.

अमेरिकी अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ साली या प्रकाराचे आठ घटक मांडले: भोवतालचा समाज, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, आता सारे संपले असे वाटायला लावणारा क्षण, उलगडा आणि वचन. क्रम मागेपुढे होऊ शकतो. छोट्या कादंबरीत भेट पहिल्याच प्रकरणात उरकते. विसाव्या पानापर्यंत दोघे समोरासमोर आले नाहीत तर लेखकाला पार्श्वभूमी सांगण्याचा सोस आहे असे समजावे. आणि 'सारे संपले'चा क्षण बहुतेक वेळा पुस्तकाचा तीन-चतुर्थांश भाग उलटल्यावर येतो. झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. १९० पानांच्या पुस्तकात १४०-१५० पानांच्या पट्ट्यात दोघे बिनसून वेगळे होतात. नेमके तिथे पुस्तक मिटले तर विरंगुळ्याऐवजी हुरहुर घेऊन झोपावे लागते, नाहीतर 'एकच प्रकरण' करत पहाट होते. त्यापेक्षा १३०च्या सुमारास खूण घालून थांबावे आणि उरलेल्या साठ पानांसाठी दीड तास सलग मिळेल असा दिवस ठेवावा.

सर्वांत जास्त पुस्तके बिघडतात ती अडथळ्यात. कसोटी सोपी आहे: दोघांना एका खोलीत बसवून पाच मिनिटे सरळ बोलायला लावले तर अडथळा नाहीसा होतो का? होत असेल तर तो अडथळा नव्हे, लेखकाने पाने भरण्यासाठी केलेली सोय. अर्धवट ऐकलेला फोन, चुलतबहिणीला प्रेयसी समजणे, न पोचलेली चिठ्ठी हा सगळा माल यातलाच. चांगल्या पुस्तकात दोघांना सगळे माहीत असते आणि तरीही एकत्र येता येत नाही. एकाला गाव सोडवत नाही आणि दुसऱ्याचे काम तिथे नाही. एकाच जागेसाठी दोघे उमेदवार आहेत. पहिल्या लग्नाने एकीचा विश्वासच उडालेला आहे. इथे कुणाला तरी आतून बदलावे लागते. तो बदल पटला तर शेवटचे वीस पानांचे गोडगोड प्रकरणही पचते.

दुसरा बिघाड नायकाचा. जुन्या, विशेषतः १९७०च्या दशकातल्या, कितीतरी पुस्तकांत दांडगाई म्हणजे उत्कटता असे समीकरण होते. मनगट धरणे, नोकरी घालवण्याची धमकी, मत्सर, आणि मग शेवटच्या पानावर 'हे सगळे प्रेमापोटी'. आजही हा नायक पूर्ण गेलेला नाही; फक्त त्याचा सूट महाग झाला आहे. नायिकेने 'नाही' म्हटल्यावर तो काय करतो हे पहिल्या तीस पानांत कुठेतरी दिसतेच. तो थांबत नसेल तर आपण थांबावे.

तिसरा बिघाड आवाजाचा. हल्ली एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून अशी रचना फार आढळते आणि प्रकरणाच्या माथ्यावर नाव छापलेले असते. मधली कुठलीही दोन प्रकरणे उघडून ते नाव बोटाने झाका. कोण बोलते आहे हे अर्ध्या पानात कळले नाही तर लेखकाला दोन माणसे साधलेली नाहीत. खरेदीआधी करायची ही उत्तम परीक्षा आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांबाबत मात्र फार काटेकोर राहण्यात मजा नाही. इंग्लंडच्या ज्या 'रीजन्सी' काळावर या प्रकाराची एक अख्खी शाखा उभी आहे, तो काटेकोरपणे पाहिला तर १८११ ते १८२० एवढाच आहे, आणि कादंबऱ्यांत त्या नऊ वर्षांत जितके तरुण, देखणे, अविवाहित ड्यूक वावरतात तितके साऱ्या ब्रिटनमध्ये म्हातारे धरूनही नव्हते.

निवडताना लेखकाच्या नावाइतकाच कथाबंध पाहावा. वाचक ज्याला ट्रोप म्हणतात तो हाच: शत्रूंचे प्रेमिक होणे, मित्रांचे प्रेमिक होणे, खोटेखोटे नाते, सोयीचे लग्न, तुटलेल्या नात्याला दुसरी संधी, एक तिरसट आणि एक हसतमुख. प्रत्येकाचा परिणाम वेगळा. कामाच्या ठिकाणी वादावादी करून आलेल्या माणसाला शत्रूंची चकमक नकोशी होते. त्याला मैत्रीतून हळूहळू उमलणारी कथा मानवते. उलट दिवस रटाळ गेला असेल तर खोट्या नात्याची कथा चांगली, कारण तिच्यात प्रत्येक प्रसंगात दोघांना काहीतरी लपवायचे असते आणि विनोद आपोआप येतो. दुसऱ्या संधीच्या कथांपासून जरा सावध. त्यांत पहिली ताटातूट का झाली हे सांगताना आजारपण, गर्भपात, मृत्यू असे जड विषय वरचेवर येतात आणि मलपृष्ठावर त्याचा मागमूस नसतो. एकाच कथाबंधाची तीन-चार पुस्तके लागोपाठ वाचू नयेत. वर्णने गाळून नुसते संवाद वाचायला लागलो की पोट भरले असे समजावे आणि मधे एखादे प्रवासवर्णन घ्यावे.

शृंगार किती उघड आहे हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो अत्यंत व्यावहारिक आहे. काही पुस्तकांत चुंबनापुढे दार बंद होते, काहींत पानेच्या पाने दार सताड उघडे असते. पूर्वी मुखपृष्ठावरच्या चित्रावरून याचा अंदाज येई. आता बालपुस्तकासारखी गोंडस, सपाट रंगांची चित्रे दोन्ही प्रकारांवर सारखीच असतात. चौदा वर्षांच्या मुलीला भेट देण्यासाठी घेतलेले पुस्तक भलतेच निघते ते यामुळे.

मालिकांचीही गफलत होते. पाच भावंडे, पाच पुस्तके ही पद्धत रूढ आहे. प्रत्येक पुस्तकात एक जोडी जुळते, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी कथा पूर्ण मिळते. फक्त आधीच्या जोड्या मागे सुखाने संसार करताना दिसतात. तसाही शेवट माहीत असतोच, तेव्हा बिघडत नाही. पण अलीकडे एकाच जोडीची गोष्ट दोन-तीन खंडांत तोडण्याची खोड निघाली आहे. पहिला खंड ऐन ताटातुटीवर संपतो. हे आधी कळलेच पाहिजे.

'पलायनवाद' या शब्दाला उत्तर देण्याची गरज वाटत नाही, तरी एक संदर्भ देतो. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९८४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कथानकांवर त्यांनी टीकाही केली: पुरुषप्रधान लग्नसंस्थेशी जमवून घ्यायला ती शिकवतात, असे त्यांना दिसले. पण त्या वाचकांच्या लेखी वाचण्याची कृतीच महत्त्वाची होती. पुस्तक हातात असले की तेवढा वेळ घरातल्या कुणाच्याही तैनातीला नसायचे. परीक्षकांनी यातला दुसरा भागही वाचावा.

तेव्हा विनंती अशी. महिन्यातून एकदा, चारशे शब्दांत, दोन प्रेमकादंबऱ्यांचा परिचय द्यावा. त्यात पाने किती, कथाबंध कोणता, खरा अडथळा काय, नायक 'नाही' ऐकतो का, दार बंद की उघडे, जड विषय आहेत का, आणि पुस्तक स्वतंत्र आहे की तोडलेल्या गोष्टीचा तुकडा, एवढे यावे. पुस्तक वाईट असेल तर तसे लिहावे; सवलत नको. शेवट सुखाचा आहे की नाही हे पहिल्याच ओळीत सांगून टाकावे. झाकून ठेवायचा तो अडथळा सुटण्याचा प्रसंग. तो कुठल्या पानावर, कुणाच्या तोंडून, कोणत्या शब्दांत येतो ते कृपया छापू नये.

आपला,
एक वाचक