आठवी पास झालं की भूक संपते का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शाळेच्या खिचडीची बातमी पेपरात येते ती बहुतेक वेळा अळ्या निघाल्या, पोरांना उलट्या झाल्या अशीच. ती यायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नववी-दहावीच्या ज्या पोरांना ती खिचडी मिळतच नाही त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझं अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान आहे, हायस्कूलच्या गेटसमोरच. शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी. मधली सुट्टी झाली की पाचवी ते आठवीची पोरं ताटं घेऊन व्हरांड्यात बसतात आणि नववी-दहावीची पोरं माझ्याकडे येतात पाच रुपयाचा चिप्सचा पुडा घ्यायला, आणि ज्याच्याकडे पाच रुपये पण नसतात तो नळाचं पाणी पिऊन ग्राउंडवर जातो. एकाच घरातली दोघं असतात, सातवीतली बहीण जेवतेय आणि नववीतला भाऊ लांब उभा. माझा धंदा होतो त्यावर, तरी सांगतो हे बरोबर नाही.

घरून डबा आणा म्हणणं सोपं आहे. इथं बायका सकाळी सातलाच रोजगाराला रानात जातात, ताजी भाकरी होते ती रानात न्यायला, पोरांना रात्रीची, आणि पंधरा वर्षाचं पोरगं शिळी भाकरी दोस्तांसमोर उघडायला लाजतं. मग डबा आणतच नाही.

आठवीलाच का थांबायचं, तर शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात पण आठवीपर्यंतच लिहिलंय, आणि केंद्राचा पैसा त्याच हिशेबाने येतो. कागदावर ठीक आहे, पण अंगाने वाढायचं वय नेमकं त्याच्या पुढचं असतं ना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 59 टक्के मुलींना अ‍ॅनिमिया निघाला. म्हणजे ज्या वयात रक्त कमी पडतं त्याच वयात ताट बंद.

आता आमच्यापासून कर्नाटकची हद्द जवळ, अफझलपूर-आळंदकडे आमचे निम्मे पाहुणे. तिकडं सरकारी आणि अनुदानित शाळेत दहावीपर्यंत जेवण मिळतं, 2013 पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, अंडी मिळतात आणि जो अंडं खात नाही त्याला केळं नाहीतर चिक्की. तामिळनाडूत तर 2022 पासून प्राथमिक शाळेत सकाळचा नाष्टा पण सुरू झालाय, तिथं तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी 1956 मध्येच शाळेत जेवण चालू केलं होतं. आपल्याकडे काय झालं? 2023 च्या शेवटी आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, जानेवारी 2025 मध्ये जीआर आला की अंड्याला सरकारचा निधी नाही, लोकवर्गणीतून करा. लोकवर्गणी कुठून? ज्यांची पोरं तिथं जेवतात त्यांच्याकडूनच!

खर्च परवडत नाही हे उत्तर येणार माहिती आहे. मे 2025 पासूनचा दर सहावी ते आठवीच्या एका पोरामागे रोजचे 10 रुपये 17 पैसे, त्यात 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, तेल, मसाला, गॅस सगळं, तांदूळ तेवढा वेगळा केंद्राकडून येतो. आमच्या स्टँडवर कटिंग चहा दहा रुपयाला झालाय. मी रोज डाळ-तेल विकतो, एवढ्यात एका पोराचं कसं भागवतात हे मला अजून कळलेलं नाही. म्हणजे दर वाढवायलाच लागेल, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिना अडीच हजार मानधन, ते पण वर्षातले 10 महिनेच, त्यात आणखी दोन वर्गांचा भात शिजवा म्हणायला तोंड पाहिजे. पण चूल, भांडी, गोडाऊन, बाई सगळं शाळेत आत्ताच आहे, नववी-दहावीसाठी नवीन काही बांधायचं नाही.

एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. खिचडी उरली की त्या बाई मोठ्या पोरांना हाक मारून वाढतात, पण हे सगळं गुपचूप, कारण रोज अ‍ॅपवर किती पोरं जेवली ते भरायचं असतं, नववीचं पोरगं त्यात बसतच नाही आणि तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापकांना घाम. उरलेलं टाकून दिलं तर चालतं, नववीच्या पोराला दिलं तर हिशेब चुकतो! मास्तर लोक या कामाला वैतागलेत ते खरं आहे, त्यांना शिकवू द्या, हिशेबाला वेगळा माणूस द्या, पण त्यासाठी ताटच नको हे मला पटत नाही.

फुकट खायची सवय लागते म्हणणारे पण दुकानात येतात. पहिली ते आठवीत कोणाचा उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, सरपंचाचा नातू आणि सालगड्याचा पोरगा एका रांगेत बसतो, कोण गरीब ते ताटावरून कळत नाही. योजनेतलं मला सगळ्यात जास्त तेच आवडतं. दाखला मागायला लागले की जेवायला येणारी अर्धी पोरं लाजून येणार नाहीत. आणि हो, विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला हे काहीच नाही, तिथं पण रिक्षावाल्यांची, हमालांची पोरं आहेत, आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात, त्यांचा विचार कधीतरी व्हावा.

सध्या मागणं एवढंच की दहावीपर्यंत जेवण द्या, केंद्र देत नसेल तर राज्याने द्या, कर्नाटक देतंच की. आमच्या भागातल्या आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात निदान एक प्रश्न टाकावा, नववी-दहावीला आहार द्यायचा तर वर्षाला किती कोटी लागतील. आणि तुमच्या सोलापूरच्या बातमीदारांनी जिल्हा परिषदेत जाऊन आपल्या जिल्ह्याचा हिशेब काढला तरी चालेल.

आपला,
एक किराणा दुकानदार वाचक
ता. अक्कलकोट, जि. सोलापूर