आमचा पावसाळा वाया जाऊ न देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमच्या महिला बास्केटबॉल संघाची यादी आज क्रीडा विभागाकडे दिली. त्या अर्जावर खेळाडू, प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक आणि संघव्यवस्थापक यांच्यासाठी रकाने होते; आपले नाव लिहावे असा एकही नव्हता. आपण महाविद्यालयाच्या नोकरीत नाही, आपण मानधन घेतले नाही, आणि पावसाळाभर आमचा सराव घ्यायला आपण आलात याची नोंद कोणत्याही कागदावर झालेली नाही. म्हणूनच संघाची कर्णधार या नात्याने, सगळ्याजणींच्या वतीने, हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

गेल्या हंगामाच्या शेवटी आमच्या संघाची अवस्था काय होती, हे आपल्याला आम्ही नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितले. उपांत्य सामन्यात आमची सर्वांत चपळ गार्ड फास्ट ब्रेकवर, म्हणजे चेंडू मिळताच वेगाने, एकटी पुढे निघाली, लेअपसाठी, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्यासाठी, उडाली, चेंडू रिंगमध्ये गेला आणि खाली येताना तिचा गुडघा आत वळला. तिच्या आसपास प्रतिस्पर्धी संघातील कोणीही नव्हते. पुढे तपासणीत एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक महत्त्वाचा अस्थिबंध, फाटल्याचे निष्पन्न झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच गुडघ्याच्या दुखण्याची तक्रार ती बरेच दिवस करत होती. तेव्हा ज्यांच्यावर आमची जबाबदारी होती, त्यांनी तिला ‘पट्टा बांध आणि उतर’ एवढेच सांगितले होते. सामन्यानंतर त्यांनी तिच्या घरी फोन करून साधी विचारपूसही केली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असेही मला वाटत नाही.

त्यात आमची रिंगखाली खेळणारी उंच पिव्होट आणि जुनी कर्णधार पदवी घेऊन बाहेर पडल्या. उन्हाळा परीक्षांमध्ये गेला आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पुण्यात उघड्या सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरते, चेंडू भिजून निसटतो आणि एका साध्या वळणावरही पाय घसरू शकतो. आम्ही सरावासाठी एका सभागृहाची विनंती केली, तेव्हा फरशी खराब होईल असे कारण देऊन ती नाकारण्यात आली. त्याच सभागृहात पुढच्या आठवड्यात कपड्यांचे प्रदर्शन भरले. ‘मुलींच्या संघाचे यंदा काही खरे नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकले की, आमच्यातल्या काहीजणी ते स्वतःही म्हणू लागल्या होत्या.

अशा वेळी आपण आलात. आपल्या ओळखीतून बॅडमिंटनचे एक लहान सभागृह सकाळच्या वेळी मिळाले. ते कसे मिळाले, कोणाला किती वेळा भेटावे लागले, हे आपण कधी सांगितले नाही आणि मीही इथे त्याच्या तपशिलात जात नाही. छत ठेंगणे होते आणि रिंग तर नव्हतीच. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. आम्हाला मिळालेली जागा त्याच्या निम्मीही नव्हती. रिंगशिवाय बास्केटबॉलचा सराव कसा करायचा, असा प्रश्न आमच्या चेहऱ्यांवर आपल्याला दिसला असणारच.

पण मला लिहायचे आहे ते पहिल्या सकाळच्या एका छोट्या गोष्टीविषयी. आमची जखमी मैत्रीण त्या दिवशी फक्त सोबत म्हणून आली होती आणि कुबडी भिंतीला टेकवून दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. आपण आम्हा सगळ्यांची नावे विचारलीत आणि मग तिच्याकडे पाहून म्हणालात, “आणि ही?” कोणीतरी उत्तर दिले, “ताई, ती खेळत नाही, तिचे ऑपरेशन झाले आहे.” त्यावर आपण म्हणालात, “ऑपरेशन गुडघ्याचे झाले आहे ना? डोळे तर शाबूत आहेत.” तिला हात देऊन आपण उठवलेत, तिची खुर्ची स्वतः उचललीत आणि कोर्टच्या पांढऱ्या रेषेच्या आत आणून ठेवलीत. मग आपल्या पिशवीतली वही तिच्या हातात दिलीत आणि तिला सांगितलेत की, प्रत्येक मुलगी उडी मारून खाली येताना तिचे गुडघे आत वळतात का, ती दोन्ही पायांवर उतरते का आणि उतरताना आवाज होतो का, हे नावानिशी लिहायचे.

ताई, शस्त्रक्रियेनंतर तिला भेटायला बरेच लोक आले होते. फळे आली, धीर आला, ‘आता अभ्यासाकडे लक्ष दे’ असा सल्लाही आला. तिला काम दिले ते फक्त आपण. त्या सकाळी तिने मान वर न करता पाने भरली, आणि सराव संपल्यावर तिने माझ्याकडे येऊन, मी डाव्या पायावर जास्त भार देऊन उतरते, असे मला स्पष्ट शब्दांत सुनावले. उपांत्य सामन्यानंतर तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. आजही हे लिहिताना माझा गळा दाटून येतो.

आमचा पुढचा सगळा पावसाळा त्या वहीभोवती उभा राहिला. आपण आम्हाला समजावून सांगितलेत की, ही दुखापत बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याने होत नाही. उडीवरून उतरताना, अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना होते, आणि आमच्या खेळात मुलांपेक्षा मुलींना तिचा धोका कितीतरी अधिक असतो. मांड्या आणि कंबर मजबूत नसेल तर गुडघा आत झुकतो. पाय ताठ ठेवून धाडकन उतरले की सगळा भार गुडघ्यावर येतो. इतकी वर्षे खेळूनही हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. रिंग नव्हती, म्हणून आम्ही उतरायला शिकलो, थांबायला शिकलो, एक पाय रोवून वळायला आणि अरुंद जागेत पास द्यायला शिकलो. रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू रिंगवरून परत येताना, आधी प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे अडवायचे आणि मगच चेंडूकडे पाहायचे, ही सवय आपण आम्हाला रिंगविना लावलीत. चेंडू भिंतीवर मारून तुम्ही तो परत पाठवत होतात आणि आम्ही जागेसाठी झगडत होतो.

एका सकाळी आपण २०१७ च्या महिला आशिया चषकाची गोष्ट काढलीत. बेंगळुरूत भारतीय संघाने ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात जागा मिळवली, आणि त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती, हे आम्हाला माहीत होते. आपण मात्र आमचे लक्ष त्या दोन गुणांकडे वेधलेत. दोन गुण म्हणजे एक सुटलेला रिबाउंड, दोन चुकलेले फ्री थ्रो किंवा एक आळशी पाऊल, आणि ही पावले स्पर्धेच्या महिन्यात सुधारता येत नाहीत, मैदान बंद असते तेव्हाच सुधारतात, असे आपण म्हणालात. त्या दिवसापासून पावसाबद्दलची आमची कुरकुर थांबली.

आता येणाऱ्या हंगामाविषयी. आम्ही स्पर्धा जिंकू असे मी आपल्याला लिहिणार नाही, कारण पोकळ बोलणे आपल्याला आवडत नाही. संघात आज एकही खरी उंच मुलगी नाही. म्हणून रिंगखाली कोणाला उभे करण्याऐवजी पाचहीजणींनी बाहेर पसरून खेळायचे, चेंडू फिरता ठेवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापून शिरायचे, असे आम्ही ठरवले आहे. बचावात पूर्ण मैदानावर दबाव टाकायचा, म्हणजे शॉटसाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांपैकी प्रतिस्पर्ध्याचे आठ सेकंद मध्यरेषा ओलांडण्यातच जातील आणि उरलेल्या सोळा सेकंदांत त्यांना घाईने शॉट घ्यावा लागेल. गेल्या वर्षी आम्ही सहा-सातजणींवर सामना ओढत होतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड व्हायचे. यंदा दहाजणी आलटूनपालटून खेळू शकतील, आणि शालेय स्पर्धा गाजवून आलेल्या प्रथम वर्षाच्या दोन मुलींनी तर सरावात माझीच दमछाक केली आहे. कमतरता आहे ती शूटिंगची. इतके महिने रिंगपासून दूर राहिल्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत आमचे फ्री थ्रो चुकतील, हे मी धरून चालले आहे. मैदान सुकल्यापासून आम्ही रोज तेवढेच करत आहोत. आमच्यापैकी निदान दोघींची विभागाच्या संघात निवड व्हावी, आणि तिथून एखादी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचावी, ही इच्छा मात्र मी बोलून दाखवते.

आपल्याकडे खेळाडूविषयी बोलताना पदके, निवड आणि नोकरी यांचीच भाषा चालते. ते गैर आहे असे मी म्हणत नाही. आमच्यातल्या अनेकींना खेळाच्या कोट्यातून नोकरी हवी आहे आणि घरचा त्यावर डोळा आहे. परंतु जी मुलगी आज काहीही जिंकून देऊ शकत नाही, तिच्यासाठी वाकून खुर्ची उचलणारे माणूस भेटले की, बाकीच्या अकराजणींनाही कळते की या संघात आपली किंमत गुणफलकावर ठरत नाही. चांगुलपणा मोठ्या व्यासपीठावरच दिसतो असे नाही. तो शिपाईकाकांमध्ये आहे, जे आमच्यासाठी पहाटे दार उघडत आणि आमचे डबे कोरड्या जागी ठेवत. तो त्या रिक्षावाल्या दादांमध्ये आहे, जे आमच्या मैत्रिणीला कुबडीसह घेऊन येत आणि परतीच्या वेळी बाहेर थांबून राहत. आपल्या येण्यानंतर अशी माणसे आम्हाला ठळक दिसू लागली, की ती आधीपासून तिथेच होती, कोण जाणे.

आपल्याला एक गोष्ट कळवायची राहिली आहे. मुख्य सामन्यांत आमच्या मैत्रिणीला ‘निदान शेवटची पाच मिनिटे’ उतरवा, असा आग्रह पुन्हा सुरू झाला आहे. ती आता धावते, उडीही मारते, आणि तिच्या मनात खेळण्याची ओढ आमच्या सगळ्यांहून जास्त आहे. पण शस्त्रक्रियेला नऊ महिने व्हायचे आहेत, आणि त्याआधी परतल्यास गुडघा पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो, हे आपण आम्हाला व तिच्या आईवडिलांना शांतपणे समजावले होते. आज दिलेल्या यादीत तिचे नाव खेळाडूंमध्ये नाही. तिनेच ते खोडले आणि सहायक प्रशिक्षकाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले. सामन्यादरम्यान तिच्या सांगण्यावरून खेळाडू बदलायचे, हे आमच्या सरांनीही मान्य केले आहे. कोणी कितीही दबाव आणला तरी या स्पर्धेत ती मैदानात उतरणार नाही, हा शब्द मी आपल्याला देते. सामन्यांचे वेळापत्रक हाती येताच कळवीन. आपण अवश्य यावे.

आपली नम्र,
कर्णधार, महिला बास्केटबॉल संघ