शेजारी एसटीतही भेटतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एसटीच्या प्रवासात आता माणुसकी उरली नाही, अशी तक्रार आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे वारंवार वाचायला मिळते. गाड्या खच्चून भरतात, जागेवरून हमरीतुमरी होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणी विचारत नाही, असा त्या पत्रांचा सूर असतो. तक्रार खोटी नाही. मात्र मी तिच्याकडे ज्या बाजूने पाहतो ती बाजूही वाचकांसमोर यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी कळंब तालुक्यात राहणारा, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेला ख्रिस्ती गृहस्थ असून यवतमाळ-वर्धा रस्त्यावर माझे नेहमी जाणे-येणे असते. रविवारी उपासनेत आपण जे कबूल करतो त्याचा कस सोमवारच्या गाडीत लागतो आणि तेथे तोंडाने काही सांगण्याची गरज नसते, एवढेच मला माझ्या धर्मबांधवांना सांगायचे आहे. इतर वाचकांनीही ते ऐकावे, अशी विनंती.

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा (शोमरोन प्रांतातल्या माणसाचा) दाखला, म्हणजे बोधकथा, हा मुळात प्रवासातलाच प्रसंग आहे. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका वाटसरूला मारझोड करून अर्धमेला टाकले. मंदिरातला याजक (पुरोहित) आला, मंदिराच्या सेवेतला लेवी आला. दोघांनीही पाहिले आणि दोघेही दुसऱ्या बाजूने निघून गेले. शोमरोनी तेवढा थांबला, त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या आणि त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. आमची प्रवचने बहुधा येथेच आटोपतात. दाखला मात्र पुढे चालू राहतो. दुसऱ्या दिवशी निघताना शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन, असे सांगितले. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते. कापूस वेचणाऱ्या बाईने आपली दोन दिवसांची मजुरी एका अनोळखी माणसासाठी काढून द्यावी आणि वर पुन्हा चौकशीला येण्याचे कबूल करावे, असे ते औदार्य आहे. रस्त्यात थांबणे पुष्कळांना जमते. दुसऱ्या दिवसाची जबाबदारी अंगावर घेणे फार थोड्यांना जमते.

आमच्या रस्त्यावर ही दुसऱ्या दिवसाची गोष्ट नेहमीच पुढे उभी राहते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात आणि त्यांतले कितीतरी एसटीनेच येतात. अशाच एका गाडीत, गेल्या पावसाळ्यात, एक बाई तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. एका हातात नायलॉनची पिशवी आणि काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट. "सेवाग्रामले कुठं उतराचं जी?" असे ती ज्याला त्याला विचारत होती. गाडी वर्ध्यापर्यंतच जाणारी होती. आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक तरुण बँकेच्या कामासाठी त्याच गाडीने निघाला होता. "मावशी, वर्ध्याले उतरा, तिथून ऑटो भेटते," एवढे सांगून त्याचे कर्तव्य संपले असते. तो तिच्याबरोबर उतरला, ऑटोने सेवाग्रामला गेला, केसपेपरच्या रांगेत उभा राहिला, बाईला अक्षरओळख नव्हती म्हणून फाइलच्या पाठीवर वॉर्डाचा क्रमांक ठसठशीत आकड्यांत लिहून दिला आणि तिच्या दिराला फोन लावून मुलगा कोठे आहे ते कळवले. बँकेचे काम अर्थातच राहिले. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा वर्ध्याला गेला तेव्हा डबा घेऊन वॉर्डात डोकावून आला. आपण कोणत्या मंडळीचे, हे त्याने तिला शेवटपर्यंत सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

हे न सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. उपकार करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी प्रभूची स्पष्ट आज्ञा असताना आमच्यातल्या काही उत्साही मंडळींना पाण्याच्या बाटलीबरोबर पत्रकही दिल्याशिवाय चैन पडत नाही. अडल्यानडल्या माणसाला दिलेल्या मदतीच्या आड दुसरा हेतू असेल तर ती मदत गळाला लावलेले आमिष होते, आणि गावोगावी आमच्याविषयी जो संशय बाळगला जातो तो अशा वागण्याने आम्ही स्वतःच वाढवतो. कोणी विचारले तर आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी, यात मला काही गैर वाटत नाही. पण जो तापलेल्या मुलाला घेऊन बसला आहे, त्याने काही विचारलेलेच नसते.

येथे कोणी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण पुढे करील, कारण त्यांच्या धर्मांतराची सुरुवात आगगाडीच्या डब्यातच झाली. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटले, संस्कृत काव्यावर दोघांच्या गप्पा रंगल्या, निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांना बायबलमधील नव्या कराराची प्रत दिली आणि पुढे 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुस्तक दिले होते, हे खरेच. पण पुस्तकाआधी काय घडले तेही पाहावे. साहेबी राज्यात एका गोऱ्या माणसाने एका देशी पंडिताशी बरोबरीच्या नात्याने, त्याच्या आवडीच्या विषयावर आदराने संवाद केला. त्या आदराशिवाय ते पुस्तक टिळकांनी उघडले असते की नाही, याची मला शंकाच आहे.

दाखल्यातली आणखी एक गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक सोयीस्करपणे विसरतो. ज्या यहुदी श्रोत्यांसमोर येशू हा दाखला सांगत होता, त्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे ज्याच्याशी व्यवहारही ठेवू नये असा माणूस होता. येशूने नायक म्हणून नेमका तोच निवडला. म्हणजे दयेचा मक्ता आपल्याच धर्माकडे आहे, असे मानायला प्रभूने जागाच ठेवलेली नाही. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत आम्ही मूठभर आहोत आणि आजवर प्रवासात आम्हाला ज्यांनी पाणी पाजले, रात्री फाट्यावर उतरल्यावर दुचाकीवरून घरापर्यंत सोडले, ते बहुतेक हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान होते. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांची कशी सरबराई करतात, ते वेगळे सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा असा जो रोकडा धर्म सांगितला आणि ठिकठिकाणी धर्मशाळा उभारून तो आचरला, तो मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, असे तेथे न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो. बाबांनी हे कोणत्या शास्त्रात पाहिले, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता गाडीतल्या रोजच्या गोष्टींकडे वळतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आणि त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. तेव्हापासून 'फुकटे' आणि 'अर्ध्या तिकिटवाल्या' असे टोमणे सर्रास ऐकू येतात. बाजाराला, दवाखान्याला किंवा माहेरी निघालेल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागते तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती माणसाने खिडकीबाहेर पाहत बसू नये. भांडण करण्याचीही गरज नसते. "या ताई, इथं बसा," असे मोठ्याने म्हणून उठले की टोमणा मारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

याहून अवघड जागा वेगळीच आहे. बोटे वाकडी झालेला, कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस बाकावर बसला की खच्चून भरलेल्या गाडीतही त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर अशा रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही आणि वाकलेली बोटे ही जुन्या आजाराची खूण असते, हे आनंदवन, तपोवन आणि दत्तपूर ही कुष्ठसेवेची केंद्रे ज्या प्रदेशात आहेत तेथे तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये. अचलपूरजवळच्या कोठारा येथील मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयाचा आम्हा ख्रिस्ती लोकांना अभिमान आहे; पण येशूने कुष्ठरोग्याला नुसते बरे केले नाही, हात पुढे करून स्पर्श केला, असे मार्क लिहितो. ती रिकामी जागा आमची आहे. तेथे बसावे, पाऊसपाण्याच्या, तुरीच्या भावाच्या गप्पा माराव्यात, बस.

अपघाताच्या बाबतीत लोक थांबत नाहीत त्यामागे निष्ठुरपणापेक्षा पोलिसांचा आणि कोर्टकचेरीचा ससेमिरा पाठीमागे लागेल, ही भीती अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक ठरवले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. या कायद्याने अशा माणसाला जे इंग्रजी नाव दिले आहे ते 'गुड समॅरिटन', म्हणजे आमच्या दाखल्यातला शोमरोनीच. तरीही आमच्या तालुक्यातल्या जाणत्या लोकांनाही हे ठाऊक नसते. आपल्या दैनिकात अपघाताची बातमी छापताना तिच्याखाली हे कलम आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन ओळींत द्यावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

माझ्या धर्मबांधवांना एक सूचना करतो. नाताळात रोषणाईवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग प्रत्येक मंडळीने बाजूला काढावा. कळंब, देवळी, राळेगाव, हिंगणघाट अशा बसस्थानकांवर, आगारप्रमुखांची परवानगी घेऊन, चैत्र-वैशाखात पाण्याचे रांजण ठेवावेत आणि सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकलपर्यंत रुग्णासोबत जाऊ शकतील अशा चार-पाच जणांचे फोन क्रमांक गावच्या आशाताईंकडे देऊन ठेवावेत. त्यावर मंडळीच्या नावाचा फलक नको, बायबलचे वचन नको, देणगीदारांची यादी तर मुळीच नको. पाणपोया सुरू होतात थाटात आणि आठवड्याभरात रांजण कोरडे पडतात, असा आपल्याकडचा अनुभव आहे. म्हणून रांजण रोज घासून भरणारा माणूस आधी ठरवावा आणि मगच कुंभाराकडे जावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. कळंब, जि. यवतमाळ